फ्लेक्सवरचे बाबा

"अगं, फ्लेक्स उलटा अंथरायचा असतो!" आई ओरडली, तोवर गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालून झाल्या होत्या. निवडणुकीत पडलेले बाबा फ्लेक्सवरून हात जोडून हसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पापड्या घालायला माझा हात धजला नव्हता; तेवढी जागा मी मोकळी सोडली होती.

संध्याकाळी शेजारच्या जयमालाकाकू आल्या. "आमच्या पापड्या कावळ्यांनी नेल्या. तुमच्याकडे एकही फिरकला नाही! भाऊजींच्या फोटोला घाबरतात वाटतं. एक फ्लेक्स द्या ना."

निकालापासून घरात बसलेले बाबा ऐकत होते. मला वाटलं, आता भडकणार.

त्यांनी माळ्यावरून उरलेली भेंडोळी काढली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि पुन्हा दारोदार निघाले.

"वहिनी," प्रत्येकीला हात जोडून सांगत होते, "चेहऱ्यावर तेवढ्या पापड्या घालू नका."