फुगलेली पिशवी

“बंद करू नकोस, चालू राहू दे!” मफाबी मिस्त्री इंजिनावर वाकूनच ओरडला.

कुलोबाने किल्लीवरचा हात मागे घेतला. टॅक्सीची पुढची सीट उचलून उभी केली होती आणि तिच्याखाली इंजिन धडधडत होतं. गेल्याच आठवड्यात बसवलेल्या नव्या रबरी सीलमधून पुन्हा तेल झिरपत होतं. दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी हात झटकले होते. ड्रायव्हरने तेलाशिवाय गाडी पळवली आणि इंजिनाची वाट लावली, असं दोघांनीही छातीठोकपणे सांगितलं होतं.

गाडीची मालकीण नागुडीमाई समोर स्टुलावर बसली होती. मांडीवर नाचणीच्या आंबिलीचा पिवळा कॅन होता. कॅनच्या कडीला निळ्या दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं, आणि बूच नसल्यामुळे तोंड तिने तळव्याने झाकून धरलं होतं. तरी म्बालेच्या खड्ड्यांत आंबील हिंदकळली आणि तिचा इस्त्रीचा गोमेसी झगा गुडघ्यावर भिजला. त्याचंही खापर कुलोबावरच फुटलं होतं. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय!

“भाचीच्या लग्नाला मी स्वतः पुढे बसून गेले, तोवर गाडी बरी होती,” माई मिस्त्रीला सांगत होती. “नुसता धुराचा वास यायचा. तिथून परत आलो आणि हे सुरू झालं. आज इंजिन गेलं म्हणालात, तर याने चावी इथेच माझ्या हातात ठेवायची. जे काय उरेल ते उद्यापासून माझा भाचा बघेल.”

म्बाले ते बुडुडा, अकरा वर्षं कुलोबाने हीच गाडी चालवली होती. माईच्या नवऱ्यानेच त्याला गाडी शिकवली, आणि तो गेल्यावर माईने ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. घरी चार पोरं होती. चावी गेली तर त्यांच्यापुढे काय वाढायचं?

“माई, रोज सकाळी तेल बघतो मी. त्यापलीकडे इंजिनाला बोट लावलं असेल, तर हा हात झडो!”

“हात झडल्यावर गाडी कोण हाकणार? तेल कुठून गळतं ते सांग आधी.”

मिस्त्रीने तेलाचं झाकण उघडलं. भसकन धूर वर आला. त्याने चपातीची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी घेतली आणि त्या तोंडावर चहूकडून घट्ट दाबून धरली. पिशवी थरथरली आणि टम्म फुगली.

“आत वारा कोंडलाय,” मिस्त्री म्हणाला.

“म्हणजे?” कुलोबाने विचारलं.

“एक तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग इंजिन संपलं. नाहीतर वाऱ्याची बाहेर पडायची वाट बंद झाली. शिजत्या हंड्यावर झाकण ठेवून वर दगड ठेवा, काय होतं? तसंच. बाहेर पडायला जागा नाही मिळाली की तो सील फोडून तेलच बाहेर ढकलतो.”

“वाट कशाला कोण बंद करेल?” माई म्हणाली. “रिंगाच गेल्या असणार. तेल घातलं नाही की जाणारच.”

धूर बाहेर काढणारी जाड नळी मिस्त्री चाचपत गेला. मागे कुठल्याशा गॅरेजने ती जागेवरून काढून सीटखाली तशीच लोंबती सोडली होती, बरोबर पुढे बसणाऱ्याच्या पायाशी. तिच्या टोकाशी त्याचा हात थांबला.

“बंद कर इंजिन.”

स्क्रूड्रायव्हर खुपसून मिस्त्रीने नळीतून काहीतरी उपसून काढलं. काळंकुट्ट, बोटभर लांब. फडक्याने पुसलं, तेव्हा कळलं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा होता तो. त्याच्याभोवती निळा दोरा गुंडाळलेला होता.

“कणीस!” मिस्त्रीने ते वर धरलं. आजूबाजूचे चार मिस्त्री हसत जवळ आले. “वास येतो म्हणून इंजिनाचं नाक बुजवलं! कोण रे तो शहाणा?”

कुलोबाने दोऱ्याकडे पाहिलं. मग माईकडे पाहिलं. माई त्या कणसाकडे बघत होती.

“मीच,” कुलोबा म्हणाला. “मीच बसवलं ते.”

“आणि आत्ता हात झडो म्हणत होतास? लेका, हात राहिला, डोकंच झडलंय तुझं! अकरा वर्षं काय गाढवं हाकलीस?”

सगळे खो खो हसले. कुलोबा मान खाली घालून उभा राहिला. मिस्त्रीने इंजिन पुन्हा चालू करायला लावलं आणि पिशवी पुन्हा धरली. या वेळी ती जराशी हलली आणि गप्प पडून राहिली.

“रिंगा एकदम ठीक आहेत. नळी जागेवर लावतो, एक सील बदलतो, झालं. इंजिन ठणठणीत आहे, माई. बदलायचाच तर ड्रायव्हर बदला.”

कुलोबाने इंजिन बंद केलं. चावी काढली आणि माईपुढे धरली.

माईने कॅनच्या तोंडावरचा तळवा काढला. कुलोबाची मूठ चावीसकट मिटून टाकली. मग कडीचा निळा दोरा सगळ्यांना दिसेल असा कॅन वर उचलून धरला.

“मिस्त्री, त्याला नको. त्या शिव्या इकडे द्या. बूच माझ्या कॅनचं आहे.”