सतरा नंबरची मुलाखत

"ही मुलाखत तू घरी बसून लिहिलीस," बाईंनी कागद सहायिकेपुढे सरकवले.

तिचा चेहरा पडला. "नाही मॅडम. फोनवर घेतलीय, पन्नास मिनिटं."

तरुण मुलं दहशतवादाकडे कशी वळतात, यावर संशोधन करण्यात बाईंची उभी हयात गेली होती. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'एक्स-रे' म्हणत. ते बाईंना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

सतरा नंबर त्यांना पहिल्याच वाचनात खटकला. आधीचे सोळा जण अडखळत, शिव्या देत, भलतंच काहीतरी बोलले होते. हा मात्र शहाण्यासारखा सांगतो : आधी एकटेपणा, मग अपमान, मग आपली माणसं भेटतात. बाईंच्याच निबंधातल्या तीन पायऱ्या, त्याच क्रमाने! चोरी करावी, पण निदान दुसऱ्याच्या घरी तरी. पुढे प्रश्न होता, घरी कुणाला संशय आला नाही? उत्तर : नाही. बाईंनी समासात लाल शाईने लिहिलं, 'अशक्य'.

"नाव सांग त्याचं."

"नावं तुम्हालाही कळू द्यायची नाहीत, हा नियम तुमचाच आहे, मॅडम."

"गुरूची विद्या गुरूलाच! बरं, रेकॉर्डिंग आण."

सहायिका घुटमळली. "ते तुम्ही ऐकायचं नाही, अशी त्याची अट आहे. का, ते सांगितलं नाही."

"का ते मला कळलं."

"मॅडम, तो थोड्याच दिवसांत जाणार म्हणतोय. परत न येण्यासाठी. कुणाला तरी कळवूया. मला खरंच भीती वाटतेय."

"जो मुळात नाहीच, तो जाणार कुठे?" बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी रेकॉर्डिंग माझ्या टेबलावर हवं. नाहीतर विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे तुझं नाव जाईल."

संध्याकाळी घरी आल्या, तरी त्यांचा संताप उतरला नव्हता. लेकाच्या खोलीचं दार नेहमीसारखं बंद, आत फोनवर कुजबुज. दोन महिने हेच चाललं होतं. स्वारी प्रेमात पडलीय, हे ओळखायला एक्स-रे कशाला हवा? त्यांनी दार ठोठावून रोजची हाक मारली, 'पुरे आता ते गुलुगुलु!' तो हसतच बाहेर आला. बाईंना बरं वाटलं. निदान घरात तरी कुणी फसवाफसवी करत नव्हतं.

रविवारी तो मित्रांबरोबर सहलीला गेला. तो नको नको म्हणत असताना बाईंनी त्याच्या बॅगेत स्वेटर कोंबला.

सोमवारी सहायिकेने मुकाट्याने रेकॉर्डर टेबलावर ठेवला. बाईंनी लाल पेन उघडलं, हेडफोन कानाला लावले आणि बटण दाबलं.

सहायिकेचा आवाज आला, "सुरुवात करूया?"

उत्तराआधी दारावर टकटक ऐकू आली, आणि मग दारापलीकडून एका बाईचा लाडिक, रागावलेला आवाज :

"पुरे आता ते गुलुगुलु! आई वाट बघतेय, जेवण गार होतंय!"