घरची गाडी

कुवेतमध्ये फरवानियात राहणाऱ्या तौफीकनं मेहुण्याची जुनी गाडी डोळे मिटून घेतली होती. "दुल्हेभाई, आपल्या घरची गाडी. कधी कुठं ठोकलेली नाही," असं सर्फराज छातीवर हात ठेवून म्हणाला होता. शुक्रवारी सकाळी घरीच गाडीवर सिरॅमिक कोटिंगचा चकचकीत थर चढवायचं ठरवून तौफीकनं आधी पॉलिशचं मशीन लावलं. दारावरचा रंग उडाला आणि खालची, पोचे बुजवायला भरलेली पिवळट पुट्टी उघडी पडली. बघतो तर ती सगळी बाजूच लिंपलेली!

तो तरातरा घरात आला. "हुस्ना, तुझ्या भावानं फसवलं मला! अपघातातली गाडी गळ्यात मारली!"

हुस्नानं मान वर केली नाही.

"हळू बोला. त्याला कायमचं गावी परतायचं होतं, गाडी खपत नव्हती. तुम्हाला सांगू नकोस, असं मीच त्याला म्हटलं."