जागचा न हलणारा डाग

सानगडीच्या पार्वताबाईची स्तनातली कॅन्सरची गाठ किमोनं विरतेय का, हे नागपूरच्या दवाखान्यात उजेडाच्या मशीननं तपासत होते. नाही विरली, तर औषध बदलणार होते. नवरा डोमा एकदाही सोबत आला नाही. पानठेल्यावर त्याच्यावाचून अडलं असतं.

या खेपेस हाताला गाठ लागेना, पण पडद्यावरचा काळा डाग काही जागचा हलेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मशीन बाजूला करून नीट पाहिलं आणि त्या हसल्याच.

"गाठ पार विरली, बाई! उजेड अडवतंय ते हे गोंदण. 'डोमा'... हे कोण?"

लग्नाच्या साली त्यानंच मंडईच्या जत्रेत हट्टानं तिच्या छातीवर गोंदवून घेतलं होतं.

पार्वताबाईनं पदर सावरला.

"मालक हायेत माहे. त्यायच्यावर कोणतंच औषध चालत नाई, मॅडम."