टँकर सुटायच्या आधी

“ताई, मशीन दूध घेत न्हाय!” कागलजवळच्या दूध संकलन केंद्रावरून मुनव्वर फोनवर ओरडला. कोल्हापुरातल्या ऑफिसात क्रांतीचं डोकं तापलं. केंद्रावरचं मशीन दुधाची नोंद तिच्या प्रोग्रॅममधून सर्व्हरवर करायचं; काल तिनं त्या सर्व्हरचा पासवर्ड फाईलमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगमध्ये, ठेवला होता. “माझ्याकडं चालतंय की!” “तुमच्याकडं म्हशी हायत व्हय? टँकर हॉर्न मारतोय. धोंडुआज्जी कॅन घेऊन उन्हात बसल्यात.” तिनं पुन्हा तपासलं. पुन्हा चाललं. रागानं कीबोर्ड ढकलला, तेव्हा उमगलं. पासवर्ड तिच्याच लॉगिनमध्ये होता. सर्व्हर सांभाळणारं टूल वेगळ्या लॉगिननं शिरत होतं, त्याला तो दिसेना. दार लावून म्हटलेली जात्यावरची ओवी शेजारणीला कशी ऐकू जाणार? तिनं टूललाच पासवर्ड दिला. “चालू झालं,” मुनव्वर हळूच म्हणाला. “पण टँकर गेला.” “मग आज्जींचं दूध?” क्रांतीनं विचारलं. “धोंडुआज्जी म्हणत्यात, दूध आटवायला ठेवतो, त्या पोरीला सांजच्याला बासुंदी खायला बोलव.”