पहिलीची पातळी

टेंभुर्णीच्या भुजंगला इकडं कुणी पोरगी देईना, म्हणून त्यानं ओडिशातून सस्मिताला लग्न करून आणलं. मराठी शिकायला तिच्या फोनात एआयचं ॲप टाकलं आणि पातळी लावली पहिलीची. "अवघड शब्द कशाला? तिला काय वकील व्हायचंय?"

दोन वर्षं झाली. ओसरीत गहू निवडताना शेजारच्या उषाबाईंनी विचारलं, "काय गं, माहेरला गेल्तीस का न्हाई?"

सस्मितानं फोनला शब्द विचारला. फोन म्हणाला, "माहेर म्हणजे आईबाबांचं घर. सुट्टी लागली की मुलगी तिथं राहायला जाते."

बाजूला बसलेला भुजंग खूश झाला. "बघा मावशी, कसं बराबर समजावून सांगतंय!"



सस्मितानं सूप खाली ठेवून भुजंगला विचारलं, "माझी सुट्टी कवा लागती?"