नाव घ्या, बाई

“खा गं. तुला न्हाई, तुझ्या पोटातल्याला हवंय ते,” म्हणत धुरपताबाईनं कैरीच्या लोणच्याची अख्खी फोड विमलच्या भाकरीवर ठेवली.

दोघींची ओळख सकाळचीच. परभणीच्या सरकारी रोपवाटिकेत देखरेखीला एक बाई नेमायची होती. जिल्हाभरातून आलेल्या बायकांना चाळणी लागत लागत दोघीच उरल्या होत्या, पालमची धुरपताबाई आणि जिंतूरची विमल. शेवटची परीक्षा तेवढी बाकी होती. आतल्या खोलीत रोपवाटिकेच्या मॅडमनी पितळी तांब्यात फुलाफळांची सजावट मांडली होती. एकेकीनं आत जायचं आणि तांब्यातल्या प्रत्येकाचं नाव सांगायचं.

धुरपताबाईचा जीव पगारापेक्षा खोलीत गुंतला होता. नोकरीबरोबर राहायला खोली मिळणार होती, तीही एसटीच्या डेपोपासून हाकेच्या अंतरावर. नवरा एसटीत डायवर. कधी या मुक्कामी गाडीवर, कधी त्या. त्यात नामांतराचा बंद पुकारला की गाडी असेल तिथं थांबायची आणि गाडीसंगं नवराही. पालमला तो पाहुण्यासारखा यायचा. इतक्या वर्षांत पोर झालं नाही म्हणून सासू धुरपताबाईलाच टोचायची. माणूस घरी ठरेल तर पाळणा हलेल ना! पण हे सासूला सांगणार कोण? परभणीत खोली मिळाली तर तो रोज घरचं जेवेल, घरी निजेल. पुढचं देव बघून घेईल.

“असल्या दिवसांत तुला कशाला गं नोकरीचं लचांड?” तिनं विमलला विचारलं.

“खोलीसाठी,” विमल बोटं चाटत म्हणाली. “जिंतूरची घरमालकीण लय बोलती. आमच्या घरच्यांचा पाय काई घरात ठरत न्हाई. ऐकून घ्यायला मी एकलीच.”

“पुरुषांचे पाय देवानं एकाच दिवशी घडवले, बाई.”

विमल खुदकन हसली. तिला ठसका लागला तशी धुरपताबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढी गोड पोर वैरीण म्हणून समोर यावी, याचं तिला वाईट वाटलं. तेवढ्यात आतून तिच्याच नावाचा पुकारा झाला.

आत पालमच्या महिला मंडळाच्या नर्मदाबाई होत्या आणि चाळणीतून गळालेल्या, पण गंमत बघायला थांबलेल्या चार बायका. मॅडमनी पट्टीचं टोक एका पिवळ्या फुलावर टेकवलं.

“तरवड,” धुरपताबाई म्हणाली.

“ही काटेरी फांदीवरची फळं?”

“रिंगणी. दाढ दुखली की हिच्या बियांचा धूर घेतात.”

“आणि हे जांभळं फूल?”

“बेशरम!”

मॅडमची मान झटकन वर आली.

“फुलाचं नाव हाय, मॅडम, फुलाचं!” नर्मदाबाई घाईघाईनं म्हणाल्या. बायका फिसफिसल्या.

बारीक काळ्या मण्यांसारखी फळं घाणेरीची निघाली, तेव्हा मॅडमनी मान वर केली नाही. पुढं लांब दांड्याचं एक शहरी लाल फूल होतं. ते धुरपताबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. “ग्लॅडिओलस,” मॅडम म्हणाल्या आणि पट्टी शेवटच्या घोसावर आणली. पिवळीधमक, पिकून मऊ पडलेली फळं. शेंबडं पोरही नाव सांगेल अशी.

धुरपताबाईनं पदर पुढं ओढला.

“माहीत नाही?”

“माहीत हाय. पर तोंडानं म्हणता येत न्हाई.”

“लिंबोळ्या हायेत त्या, मॅडम,” नर्मदाबाई हसू दाबत म्हणाल्या. “हिच्या मालकाचं नाव लिंबाजी. ही बाजारात लिंबूसुद्धा ‘आंबट’ म्हणून मागती.”

“मला त्यांच्या तोंडून ऐकायला हवं.”

“मग उखाण्यात घे की!” मागून कुणीतरी ओरडलं. “नाव घ्या, बाई, नाव घ्या!”

धुरपताबाईनं घसा खाकरला.

“चुलीवर ठेवलं आधण, वैलावर शिजते डाळ,
लिंबाजीराव घरी येतात तवाच माझी सकाळ.”

खोली टाळ्यांनी भरली. मॅडमही हसल्या. त्यांनी मार्क दिला आणि तिला भिंतीशी बसायला सांगून विमलला बोलावलं.

विमल रिंगणीला अडली. धुरपताबाईच्या काळजात आशा हलली. पण शहरी लाल फुलाचं नाव पोरीनं अचूक सांगितलं. जिंतूरच्या घरमालकिणीनं म्हणे कुंडीत लावलं होतं. झाली बरोबरी. आता राहिला तो पिवळा घोस. तो कुणाला येत नाही? देवा, हिची जीभ अडू दे, असं धुरपताबाईच्या मनात आलं आणि त्या पोरीच्या भरल्या पोटाकडं बघून तिची तिलाच शरम वाटली.

पट्टी घोसावर टेकली. विमल कानापर्यंत लाल झाली आणि तिनं पदर पुढं ओढला.

“ह्येचं नाव... मला घेता येत न्हाई.”

हशाचा नुसता कल्लोळ उठला.

“आणखी एक लिंबाजी!” नर्मदाबाईंनी डोळे पुसले. “धुरपता, तुझ्या मालकाच्या नावाला काई तोटा न्हाई गं!”

सगळ्यांत मोठ्यानं धुरपताबाईच हसली. खरंच होतं ते. मराठवाड्यात लिंबाच्या झाडावाचून गाव नाही आणि लिंबाजीवाचून गल्ली नाही. खोली गेली तर गेली, निदान पोरीची तरी सोय होईल. ती उठून विमलजवळ गेली.

“उखाण्यात चालतंय, विमल. मी बी आत्ताच घेतलं. होऊ दे.”

तिच्या हाताचा आधार घेत विमल सावरून उभी राहिली आणि खाली बघत, गोड हेल काढून म्हणाली,

“परभणीहून सुटते जिंतूरची मुक्कामी गाडी,
लिंबाजीराव डायवरांनी आणली डोहाळ्याला साडी.”